तीन नंबरचं यंत्र

सोमवार, ४ मार्च

ही वही आज मुद्दाम विकत आणली. दुसरी एक वही मालकांनी दिली आहे, तिला रजिस्टर म्हणायचं. तिच्यात लिहायचं ते मालकांसाठी. जे तिथे लिहिता येणार नाही, ते इथे लिहीन म्हणतो.

झालं असं. आमची दातांची लॅब. डॉक्टर मापं पाठवतात, आम्ही कवळ्या आणि कॅपा बनवून देतो. खाली कामाची खोली, वर ऑफिस. मी व्यवस्थापक, म्हणजे ऑर्डरी घेणं, रजा मांडणं आणि डॉक्टरांची बोलणी खाणं. सकाळी मालक म्हणाले, "आपले डॉक्टर एकेक करून पलीकडच्या लॅबकडे चाललेत. खालचं कोणीतरी फुटलंय." म्हणून काल सुट्टीच्या दिवशी त्यांनी खालच्या छताला तीन यंत्रं बसवून घेतली. दिसायला धुराचा इशारा देणारी, पण आत माईक. खालचं सगळं बोलणं माझ्या मोबाइलवर ऐकता येतं, जुनंही मागे जाऊन ऐकता येतं. मी रोज ऐकायचं आणि कामाचं तेवढं रजिस्टरमध्ये लिहायचं.

मी विचारलं, "त्यांना सांगायला नको का?"

"सांगून ऐकायचं असतं तर माईक कशाला लावला असता? सरळ खुर्ची टाकून बसला असतात."

मग म्हणाले, "तुमच्या मिसेस खालीच असतात. त्यांनाही सांगू नका. उलट बरंय, तुम्हाला आवाज ओळखू येतील."

ही खाली मेणात दात बसवते, अठरा वर्षं झाली. आमच्या लग्नालाही तेवढीच झाली. तिला सांगितलं नाही. ऑफिसचं घरी आणायचं नाही हा माझा नियमच आहे.

मंगळवार, ५ मार्च

पहिल्यांदा ऐकलं. एक नंबरचं यंत्र मावशींच्या डोक्यावर आहे. मावशी प्लॅस्टरचे साचे ओततात आणि खोकतात, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. दोन नंबर पॉलिशच्या यंत्रावर, तिथे नुसती घरघर. तीन नंबर खिडकीजवळ, हिच्या टेबलावर. त्याच टेबलाच्या पलीकडच्या बाजूला लंबू बसतो.

लंबू म्हणजे कॅपांना रंग देणारा. दोन वर्षांपूर्वी आला. सहा फूट उंच, आणि स्वतःचे दोन दात वाकडे. दातांच्या लॅबमध्ये काम करतो आणि स्वतःचे दात वाकडे, आता काय म्हणावं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी पॉलिशचं यंत्र थांबलं आणि कोणीतरी हसलं. मोठ्याने, श्वास अडकेपर्यंत. मला वाटलं नवीन कोणी आलंय का. मागे जाऊन पुन्हा ऐकलं. ही होती.

तीनदा ऐकलं. आवाज नीट ओळखता यावा म्हणून.

शुक्रवार, ८ मार्च

हसण्याचं कारण सापडलं. जेवणाच्या सुट्टीत ही तयार कवळी हातात धरते आणि तिला बोलायला लावते. आज एका निवृत्त न्यायाधीशांची कवळी होती. हिने तिला घोगऱ्या आवाजात बोलायला लावलं, "मी आयुष्यभर लोकांना शिक्षा केली, आता मला मऊ भात खायची शिक्षा झालीये." मग लंबूने दुसरी कवळी उचलली, ती म्हणे न्यायाधीशांची बायको. दोघांची अशी जुगलबंदी दहा मिनिटं चालली आणि मावशी खोकत खोकत हसत होत्या.

मला हे नवीन नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी ही सरावासाठी मेणाची कवळी घरी आणायची आणि माझ्यासमोर धरून असंच करायची. मी एकदा म्हणालो होतो, जेवणाच्या ताटापाशी असलं काही नको. त्यानंतर तिने आणली नाही. मला वाटलं हौस फिटली असेल.

हौस फिटलेली नाही. जागा बदलली आहे. कानामागून आला आणि तिखट झाला तो हा लंबू.

तो हिला वहिनी म्हणतो. वहिनी म्हणणाऱ्यावर जरा जास्तच लक्ष ठेवावं असं माझं मत आहे.

आणखी एक. ही तिथे चहात दोन चमचे साखर घेते! लंबूच विचारतो, "वहिनी, दोनच ना?" घरी मला साखर वर्ज्य झाल्यापासून चार वर्षं आम्ही दोघं बिनसाखरेचा पितो. मला वाटायचं तिला तसाच आवडतो. माझ्याच बायकोचे चमचे परक्या माणसाला पाठ असावेत, याला काय म्हणायचं? मत्सर वगैरे नाही, पण माणसाला वाईट वाटणारच.

रजिस्टरमध्ये लिहिलं: 'जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं जास्त घेतात. चहाला साखर जास्त लागते.'

मंगळवार, १२ मार्च

ही लंबूला सांगत होती की उजवा खांदा दुखतो, कूस बदलता येत नाही. तो म्हणाला, "दादांना सांगितलं का?" दादा म्हणजे मी. ही म्हणाली, "नको रे. घरी सांगितलं की लगेच उपाय सुरू होतात. मला उपाय नको असतो, नुसतं कोणीतरी ऐकायला हवं असतं."

ऐकायला! गेला आठवडाभर मी दुसरं काय करतोय?

संध्याकाळी येताना औषधांच्या दुकानातून गरम पाण्याची पिशवी आणली, खांद्यावर बांधायची. पट्ट्यासकट. ही बघतच राहिली.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मला दिसत नाही का?"

तिचे डोळे भरून आले. खरंच भरून आले. भांडी तशीच टाकून माझ्याजवळ येऊन बसली आणि तासभर बोलत होती. लॅबमधल्या धुळीबद्दल, मावशींच्या खोकल्याबद्दल, कायकाय. मी मधेमधे हूं म्हणत होतो. यातलं बरंचसं मी आधीच ऐकलं होतं, त्यामुळे लक्ष देण्याची तेवढी गरज नव्हती.

लंबूने नुसतं ऐकलं, पिशवी मी आणली. हा फरक आहे.

शनिवार, १६ मार्च

काल ऐकलं की हिला पोहायला फार आवडायचं. मामाच्या गावी नदी ओलांडून परत यायची म्हणे. हे मला अठरा वर्षांत ठाऊक नाही आणि लंबूला ठाऊक! बरं, कळल्यावर तो काय म्हणाला, तर "वा." नुसतं वा. म्हणून आज मी तरण तलावाचा अर्ज घेऊन आलो, बायकांची वेळ सकाळी सात ते आठ, सगळी चौकशी करून.

हिने अर्ज दोनदा वाचला.

"पोहण्याचं मी तुम्हाला कधी सांगितलं?"

"सांगितलं असशील कधीतरी."

"नाही. कधीच नाही."

मग अर्जाची घडी घातली आणि कपाटात ठेवली. इतका आनंद झाला की बिचारीला बोलताच येईना. दिवसभर गप्पच होती.

सोमवार, १८ मार्च

मालक आज चिडले. दोन आठवडे झाले, रजिस्टरमध्ये काय तर साखर आणि सुट्टीची दहा मिनिटं. "मला नाव हवंय," म्हणाले. स्वतः ऐकत का नाहीत विचारलं, तर म्हणे वेळ नाही. उंटावरून शेळ्या हाकायला बरा वेळ असतो.

दुपारी तीन नंबर लावलं. सुट्टीत तिघं बोलत होती, ही, लंबू आणि मावशी. विषय धुळीचा. घासताना जी धूळ उडते ती ओढून घेणारा पंखा वर्षभर बंद आहे. (आहे खरा. मी मालकांना दोनदा सांगितलंय. तिसऱ्यांदा सांगायची हिंमत झाली नाही.) सगळ्यांच्या सह्यांचं पत्र द्यायचं ठरत होतं. आणि मग हे वाक्य आलं: "मालकांना म्हणावं, एक दिवस खाली बसून श्वास घेऊन दाखवा."

वाक्य हिचं. आवाज ओळखण्यात माझी चूक होणं शक्य नाही.

एवढं मिळाल्यावर मी मोबाइल बंद केला आणि बराच वेळ रजिस्टर पुढे घेऊन बसलो. हिचं नाव लिहिणं तर शक्यच नव्हतं. काहीच लिहिलं नाही तर मालक मला सोडणार नाहीत. शेवटी वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि पुढे लिहिलं: 'बोलणारा: रंगकाम करणारा. इतरांना चिथावतो.'

बायकोला वाचवलं. वाक्य खरं आहे, तारीख खरी आहे, वेळ खरी आहे. नाव तेवढं बदललं. आणि तोही तिथेच बसून मान डोलावत असणार, म्हणजे फार काही खोटं नाही.

एका दगडात दोन पक्षी असं कोणी म्हणेल. मी तसा विचार केला नव्हता. नंतर केला.

गुरुवार, २१ मार्च

मालकांनी लंबूला वर बोलावलं. माझ्यासमोर रजिस्टर उघडून वाक्य वाचून दाखवलं. मला वाटलं, आता हा म्हणणार, मी नाही, वहिनी म्हणाल्या. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, मग मालकांना म्हणाला, "बरं." एवढंच. स्वतः तासून केलेले ब्रश फडक्यात गुंडाळले आणि तासाभरात गेला.

वाक्य माझं नाही म्हणायला काय झालं होतं? पण नाही, मोठेपणा मिरवायचा होता. जाताजाताही बाजी मारून गेला.

घरी आलो तर ही अंधारात बसली होती, दिवासुद्धा लावला नव्हता.

"ते वाक्य माझं होतं," ती म्हणाली.

"असेल."

"असेल नाही, होतं. त्याच्या घरी आई अंथरुणाला खिळलीय. माझ्या वाक्यासाठी तो घरी बसला." मग म्हणाली, "खोलीत आम्ही तिघंच होतो. मालकांना शब्दन्‌शब्द कसा कळला?"

मी पटकन बोलून गेलो, "भिंतीला कान असतात."

"भिंतीला? की छताला?"

"ती आगीसाठी आहेत," मी म्हणालो. आता दुसरं काय म्हणणार होतो?

शुक्रवार, २२ मार्च

बरं वाटलं. ही सावरलीय. आज तीन नंबरवर मावशींशी चांगल्या गप्पा मारत होती. पॉलिशचं यंत्र बंद होऊ दिलं आणि मग अगदी स्पष्ट म्हणाली, "मावशी, मला ना लहानपणापासून एक पिवळी छत्री हवी होती. पिवळीधमक. कोणी घेतलीच नाही."

मावशी म्हणाल्या, "तुला? अगं, दिवसभर पिवळे दात बघून तुला तो रंग डोळ्यांसमोर नको असतो ना?"

"आता हवाय," ही म्हणाली.

मावशींना काय कळतं. बायकांच्या मनात किती काय दडलेलं असतं, ते नीट ऐकल्याशिवाय कळत नाही. लंबूची जागा रिकामी आहे. आता मनातलं ओळखणारा मीच.

सोमवार, २५ मार्च

चार दुकानं फिरलो. पिवळी छत्री म्हटलं की दुकानदार काळी दाखवतात, निळी दाखवतात. शेवटी बसस्थानकामागच्या दुकानात मिळाली, तीही लहान मुलीची, वर बदकाचं चित्र. बदक असू दे म्हटलं, रंग तर पिवळाधमक आहे.

दारातच हिच्या हातात दिली. हिने कागद काढला, छत्री घरातल्या घरात उघडली आणि तिच्याखाली बराच वेळ उभी राहिली. मी विचारलं, "आवडली का?"

"हो," ती म्हणाली. "आता खात्री झाली."

मला वाटतं तिला माझ्या प्रेमाची म्हणायचं असावं. तसं ती सहसा बोलून दाखवत नाही.

बुधवार, २७ मार्च

आज ही ऑफिसमध्ये आली. अठरा वर्षांत कामाच्या वेळात जिना चढून वर आली नव्हती. मागे मावशी आणि पॉलिशवाले दोघं. हिने माझ्या टेबलावर पत्र ठेवलं आणि म्हणाली, "साहेब, पोच द्या."

मला साहेब म्हणाली!

मी हळूच म्हटलं, "अगं, घरी बोलू ना."

"घरी ऑफिसचं आणायचं नाही, तुमचाच नियम आहे. शिक्का मारा."

शिक्का मारला. तिरका उमटला. पत्र व्यवस्थापकांच्या नावे होतं. कामगार कार्यालयात जाऊन विचारून लिहिलेलं. आमचं बोलणं आम्हाला न सांगता टिपलं जातं अशी आमची खात्री आहे. काय टिपलं, कोणी ऐकलं, कधी ऐकलं, हे कळण्याचा आम्हाला हक्क आहे. आणि काढलेल्या माणसाला परत घ्या. सहा सह्या. पहिली हिची, माझ्या आडनावासकट.

मालकांनी आधी आरडाओरडा केला, मग वकिलाला फोन लावला, मग एकदम मऊ झाले. फोन ठेवून माझ्याकडे बघून म्हणाले, "मी तर एकदाही ऐकलेलं नाही. देऊन टाका यादी."

मी विचारलं, "कसली यादी?"

यंत्र यादी ठेवतं म्हणे. कोणी, कुठल्या यंत्रावर, कुठला तुकडा, किती वेळा.

गुरुवार, २८ मार्च

नऊ पानं निघाली. छापलीही मीच, आणि खालच्या फळ्यावर टाचणीने लावलीही मीच. मालकांच्या नावापुढे शून्य. एक नंबर, मी चार वेळा. दोन नंबर, मी एकदा. तीन नंबर, मी दोनशे बारा वेळा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. ५ मार्च, अकरा वाजून वीस मिनिटं, तो एकच तुकडा एकसष्ट वेळा.

मला तीनदाच आठवत होतं.

ही पहिल्या पानापासून वाचत गेली, ओळीवर बोट ठेवून. पाचव्या पानावर मावशी म्हणाल्या, "पुरे गं." तिने ऐकलं नाही. नववं पान वाचून झाल्यावर हात धुऊन टेबलाशी जाऊन बसली आणि दात बसवायला लागली. नंतर दिवसभर कोणी बोललं नाही. मी वर बसलो होतो. तीन नंबर लावलं नाही, पण लावलं असतं तरी काही ऐकू आलं नसतं.

शनिवार, ३० मार्च

भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. ही भांडत नाही. जेवायला वाढते, औषधाची आठवण करते. बहिणीशी फोनवर बोलायचं असलं की आधी स्वयंपाकघरातला नळ सोडते आणि मग बोलते. पाणी वाया जातंय म्हणून मी दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

आज एकदा मी म्हणालो, "मी तुझ्यासाठीच ऐकत होतो."

ती म्हणाली, "माझ्यासाठी ऐकायचं होतं तर मी समोरच बसले होते की."

 

मंगळवार, २ एप्रिल

कामगार कार्यालयातून निरीक्षक बाई आल्या. मालकांच्या केबिनमध्ये सगळे बसलो. बाई, मालक, लंबू, मावशी, ही आणि मी. बाईंचा आवाज बारीक, पण मालक मधे बोलायला धजत नव्हते. "बोलणं टिपायचं असेल तर आधी लेखी सांगावं लागतं. कुठे, कशासाठी, कोण ऐकणार. आणि सुट्टीत माणसं आपापसांत काय बोलतात ते टिपण्याचा कोणालाच हक्क नाही." मालक म्हणाले, यंत्रं आजच काढतो. पलीकडच्या लॅबकडे डॉक्टर का गेले तेही निघालं. ती लॅब चार दिवस आधी माल देते, बस. फुटलेलं कोणी नव्हतंच.

मग बाईंनी रजिस्टर उघडलं. "या वाक्यावरून यांना काढलं. वाक्य यांचं आहे?"

ही म्हणाली, "माझं आहे." मालक म्हणाले, "रजिस्टरमध्ये तसं नाही. आमचे व्यवस्थापक खोटं कशाला लिहितील?" आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणालो असतो. आज मी खरं सांगणार होतो, घरून तसं ठरवूनच निघालो होतो. पण लंबू समोर बसला होता, आणि हिने मघाशी आत येताना त्याच्यासाठी खुर्ची ओढून दिली होती. मी जरा थांबलो.

बाई म्हणाल्या, "वाद कशाला? सगळ्यांची हरकत नसेल तर ऐकू." हिने मान हलवली. लंबूनेही. मोबाइल माझाच. मीच १८ मार्च काढला आणि टेबलावर ठेवला.

धुळीचं बोलणं झालं. मग हिचा आवाज, मालकांना म्हणावं, एक दिवस खाली बसून श्वास घेऊन दाखवा. मालकांचा चेहरा उतरला. मी बंद करायला हात पुढे केला, कारण त्या दिवशी मी तिथेच बंद केलं होतं. बाई म्हणाल्या, "राहू द्या."

मावशींचा खोकला. मग लंबू, "पण वहिनी, पत्र घेऊन वर कोण जाणार? मालक एकेकाला धरतील."

मग ही. हसत नव्हती, कवळीच्या आवाजात नव्हती. साधी, घरी बोलते तशी.

"मी देईन आमच्या ह्यांच्याकडे. ते घाबरट आहेत, मला ठाऊक आहे. पण खोटं नाही करायचे. एकदा त्यांच्या हातात कागद पडला की तो जसाच्या तसा वर जाणार. तेवढा भरवसा आहे मला."

पुढे पॉलिशचं यंत्र सुरू झालं आणि नुसती घरघर ऐकू येत राहिली. बाईंनी ती बंद केली. रजिस्टर टेबलावर उघडंच होतं, माझ्या अक्षरातलं. लंबू खाली बघत होता. मावशींनी हिच्या पाठीवर हात ठेवला. ही खिडकीकडे बघत होती.

बाईंनी पेन काढलं आणि विचारलं, "आमचे हे म्हणजे कोण?"

उत्तर हिने द्यायचं होतं, ती खिडकीकडेच बघत राहिली.

मी म्हणालो, "मी."

बाईंनी ते लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली.